फोर्झा गेम लावला की ७० मिनिटांनी बंद: मामेभावाच्या गेमिंग लॅपटॉपचं पूर्ण प्रकरण

मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात माझा मामेभाऊ पुण्याहून जळगावला घरी आला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि बॅग खाली ठेवायच्या आधी त्याने लॅपटॉप माझ्या हातात दिला. "दादा, हा कधीपण रीस्टार्ट होतो, कशाचा कशाला मेळ नाही, दोनदा फॉरमॅट मारून झाला, आता तूच बघ." मामा मागून म्हणाले, उन्हामुळे होत असेल रे, बाहेर ४३ आहे. घरातल्या सगळ्यांना ते पटलं पण, कारण लॅपटॉपच्या खालून येणारी हवा खरंच हात भाजेल अशी येत होती.

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण या एका मशीनमध्ये दोन वेगवेगळे बिघाड एकाच वेळी होते, आणि दोन्हीला घरचे आणि दुकानवाले एकच नाव देत होते, "रीस्टार्ट होतो". तीन महिने त्या एका शब्दापायी वाया गेले.

मशीन असं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये घेतलेला १५.६ इंची गेमिंग लॅपटॉप, रायझन ७ ५८००एच प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० चं लॅपटॉपवालं ६ जीबी कार्ड, येताना ८ जीबी रॅमची एक स्टिक, ८० वॉट-अवरची बॅटरी आणि २३० वॉटचा तो विटेएवढा ॲडॅप्टर. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, हे कुठल्याही कंपनीच्या मशीनमध्ये होऊ शकतं.

पहिल्या दिवशी मी स्क्रू ड्रायव्हरला हातच लावला नाही. चहा घेत घेत त्याला फक्त एवढंच विचारलं की घेतल्यापासून यात काय काय बदललं. त्याने दोन गोष्टी सांगितल्या, डिसेंबर २०२३ मध्ये एका दुकानातून ८ जीबीची दुसरी रॅम टाकली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ओरिजिनल ॲडॅप्टर रेल्वेत विसरला म्हणून बाजारातून "कॉम्पॅटिबल" घेतला. त्याच्यावर पण २३० वॉटच लिहिलंय असं म्हणाला. तिसरी एक गोष्ट त्याने सांगितली नाही, लपवली असं नाही, तो बदल आहे हेच त्याच्या डोक्यात नव्हतं. ती पुढे येईल.

मग विचारलं, बंद पडतो म्हणजे नेमका कसा पडतो? निळी स्क्रीन दिसते? स्वतः परत चालू होतो की तुला बटण दाबावं लागतं? तो जरा थांबला आणि म्हणाला, "कधी कधी स्वतः होतो, कधी कधी दाबावं लागतं." माझ्यासाठी पूर्ण प्रकरण तिथेच सुरू झालं, कारण ही दोन वेगळी मरणं आहेत. निळी स्क्रीन येऊन स्वतः रीस्टार्ट होतो तेव्हा विंडोज शुद्धीवर असतं, त्याला काहीतरी चुकीचं सापडलेलं असतं आणि ते स्वतःहून थांबतं. आणि दिवा विझल्यासारखा खटकन जातो, पंखे पण त्याच क्षणी गप्प, तेव्हा विंडोजला काही कळायची संधीच मिळालेली नसते.

लॉग बघितला. स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. "कर्नल पॉवर, ४१" च्या एकूण ११ नोंदी. हा ४१ बघून खूप लोक घाबरतात आणि नावात पॉवर आहे म्हणून सरळ पॉवरच्या मागे लागतात, पण ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन न होता गेलं. तुम्ही स्वतः पॉवर बटण दाबून धरून बंद केलं तरी ही नोंद पडते. ती कारण सांगत नाही. पण त्या नोंदीच्या डिटेल्स टॅबमध्ये एक आकडा असतो, बगचेक कोड, आणि तो मात्र खूप काही सांगतो. तो शून्य नसेल तर निळी स्क्रीन आली होती. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाच वेळ मिळाला नाही, म्हणजे एकतर वीज गेली किंवा सगळं जागच्या जागी गोठलं.

११ पैकी ५ ठिकाणी कोड होता आणि ६ ठिकाणी शून्य. माझा निम्मा गोंधळ या एका तक्त्याने संपला.

आणि हा लॉग फक्त १४ एप्रिलपासूनचा होता, कारण त्या दिवशी दुकानात दुसऱ्यांदा फॉरमॅट झालेला. त्याआधीच्या अडीच महिन्यांच्या सगळ्या नोंदी, सगळे मिनीडंप (निळी स्क्रीन येताना विंडोज स्वतः लिहून ठेवतं त्या छोट्या फाईली) पुसले गेलेले. माझी कळकळीची विनंती आहे, फॉरमॅट मारायच्या आधी निदान ते सिस्टिम लॉग सेव्ह करून ठेवा आणि सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं मिनीडंपचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, आणि फॉरमॅटने हार्डवेअरचा बिघाड जात नाही पण पुरावा मात्र जातो.

आधी निळ्या स्क्रीन घेतल्या, कारण तिथे हातात काहीतरी होतं. इव्हेंट व्ह्यूअर हे कोड दशमानात दाखवतो. पाच वेळचे कोड असे होते: २६, १०, २६, ८०, ५९. २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, १० म्हणजे तो सगळ्यांना पाठ असलेला आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, ८० म्हणजे पेज फॉल्ट, ५९ म्हणजे सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन. मिनीडंप उघडले तर प्रत्येक वेळी वेगळ्याच फाईलवर बोट, एकदा विंडोजचं कर्नल म्हणजे त्याचा गाभा, एकदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, एकदा वायफायचा. एकच ड्रायव्हर खराब असेल तर तो सहसा परत परत त्याच नावाने सापडतो, आणि इथे दरवेळी नवा माणूस पकडला जातोय म्हणजे चोर तो नाहीये, सगळे ज्या जागेवर उभे आहेत ती जमीनच हलतेय. शिवाय या निळ्या स्क्रीन गेम खेळतानाच यायच्या असं पण नाही, एकदा पीडीएफ वाचताना आली, एकदा व्हिडिओ बघताना. लोडचा संबंध नाही, उन्हाचा संबंध नाही. संशय रॅमवर.

मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्री ११ ला लावलं आणि झोपलो. फ्री आवृत्तीत चार फेऱ्या होतात, १६ जीबीला काही तास जातात, आणि पूर्ण चारही होऊ द्यायच्या असतात. सकाळी बघितलं तर पहिली फेरी स्वच्छ आणि दुसऱ्या फेरीपासून लाल ओळी. पहिली फेरी बरी गेली म्हणून जो थांबेल तो फसेल, दुकानात बहुतेक तेच झालं असावं किंवा टेस्ट लावलीच नसेल, मला माहीत नाही, पण बिलावर "रॅम ओके" लिहिलेलं होतं.

मग मागचं झाकण उघडलं. उघडायच्या आधी बायोसमधून (विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) किंवा कंपनीच्या पद्धतीने बॅटरी बंद करायची, आणि उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर काढायचं, हे विसरायचं नाही. एका वेळी एकच स्टिक. जुनी ओरिजिनल पहिल्या स्लॉटमध्ये, चार फेऱ्या, स्वच्छ. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, चार फेऱ्या, स्वच्छ. नंतर टाकलेली पहिल्या स्लॉटमध्ये, एरर. दुसऱ्या स्लॉटमध्ये, एरर. दोन दिवस गेले यात, पण ही आलटापालट केल्याशिवाय स्टिक खराब आहे की मदरबोर्डचा स्लॉट खराब आहे हे कळत नाही, आणि दोन्हीच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

स्टिक काढली. आता मशीन ८ जीबीवर, सिंगल चॅनलवर म्हणजे एकाच स्टिकवर, गेममध्ये थोडं अडखळत होतं पण निळी स्क्रीन बंद. घरात जाहीर झालं की दादाने शोधून काढलं.

नऊ दिवस काही झालं नाही. मामेभाऊ या नऊ दिवसांत एका ऑनलाइन कोर्सच्या मागे होता आणि गेम म्हणजे व्हॅलोरंटचे एक-दोन सामने, बस. दहाव्या दिवशी मित्रांबरोबर फोर्झा होरायझन ५ लावून बसला आणि रात्री साडेदहाला वरच्या खोलीतून हाक आली, "दादाऽऽ, गेला!"

मामा म्हणाले, तुझा रॅमचा अंदाज चुकला की काय. नाही, मामा. लॉग उघडून दाखवला, ४१, कोड शून्य. हे ते दुसरं मरण आहे, त्या सहा नोंदींमधलं, त्याच्याकडे मी अजून बघितलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही आशा होती की रॅमबरोबर ते पण जाईल, कारण खराब रॅमने कधी कधी मशीन गोठतं आणि तेव्हाही कोड शून्य येतो. गेलं नाही.

आता मामींची किराण्याच्या यादीची एक वही घेतली आणि कॉलम पाडले: तारीख, चालू केल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ, काय चालू होतं, कसा गेला, खोली किती गरम. बॅटरीचा कॉलम मी दुसऱ्या दिवशी वाढवला आणि त्या कॉलमनेच प्रकरण सोडवलं. सोबत एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर लावून ठेवलं, ते दर दोन सेकंदांनी सगळ्या सेन्सरचे आकडे फाईलमध्ये लिहितं, म्हणजे मशीन अचानक गेलं तरी शेवटची ओळ हातात राहते.

सगळ्यांचा आवडता आरोपी ऊन, म्हणून आधी त्याचा निकाल लावायचा ठरवलं. खोलीत ३७ अंश. फोर्झा चालू केल्यावर १५ मिनिटांत ग्राफिक्स ८२ वर गेलं आणि मग तिथेच, ८१ ते ८३, सपाट. प्रोसेसर ९० ते ९५. आकडे मोठे वाटतात पण या प्रोसेसरची हद्द १०५ आहे आणि या कार्डाची ८७ च्या आसपास, आणि हद्दीजवळ गेल्यावर चिप आधी स्वतःचा वेग कमी करते, गेम अडखळतो, फ्रेम पडतात, सरळ बंद पडणं हा अगदी शेवटचा उपाय असतो. आमच्याकडे तर फ्रेम पडतच नव्हत्या, गुळगुळीत चालता चालता खटकन अंधार. एवढ्यावर पण मी थांबलो नाही, पहाटे साडेपाचला उठून, खिडक्या उघड्या, खोली २९ वर, तोच गेम. ग्राफिक्स ७५ पर्यंतच गेलं. आणि ७१ मिनिटांनी बंद.

आदल्या दिवशी दुपारी उकाड्यात ६८ मिनिटांनी. त्याच्या आधी ७३.

खोली आठ अंशांनी थंड आणि वेळ तीच. आणि मुळात उष्णता १५ मिनिटांत सपाट झाली तर पुढची ५५ मिनिटं मशीन कशाची वाट बघत होतं? तासाभराने बंद पडतंय म्हणजे तापून बंद पडतंय हे आपण किती सहज म्हणून जातो, पण तासभर हळूहळू बदलत जाणारी गोष्ट उष्णता नव्हतीच. मग दुसरं काय हळूहळू बदलतंय, हे शोधायला फाईलमधले सगळे कॉलम एकेक करून वर-खाली बघितले, आणि एका कॉलमवर येऊन थांबलो. बॅटरी. चार्जर लावलेला असताना बॅटरी १०० वरून ४१ वर आली होती. पहाटेच्या फाईलमध्ये शेवटची ओळ ४०. आदल्या दुपारी ४२.

मामेभावाला दाखवलं तर म्हणाला, "हो, खेळताना थोडी उतरते, मला वाटलं गेमिंग लॅपटॉपमध्ये तसंच असतं." यात थोडं तथ्य आहे. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये ॲडॅप्टरला क्षणभर कमी पडलं तर उरलेलं बॅटरीतून घ्यायची सोय असते, एखाद-दोन टक्के खाली-वर होणं ठीक. पण प्लग लावलेला असताना सत्तर मिनिटांत साठ टक्के उतरणं म्हणजे ॲडॅप्टर पुरतच नाहीये, मशीन अर्धं उधारीवर चालतंय.

कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीची बॅटरीरिपोर्ट कमांड दिली, ती एक रिपोर्ट फाईल तयार करून देते. डिझाईन कपॅसिटी ८०,००० मिलिवॉट-अवर, फुल चार्ज कपॅसिटी ४४,००० च्या जवळ. म्हणजे १०० टक्के दिसतंय तेव्हा आत मूळच्या ५५ टक्केच माल आहे.

इथून पुढे साधा हिशोब. एचडब्ल्यूइन्फोमध्ये फोर्झा चालू असताना बॅटरीतून सरासरी २२ वॉट बाहेर जाताना दिसत होते. १०० वरून ४० पर्यंत म्हणजे ४४ चे ६० टक्के, साधारण २६ वॉट-अवर. २६ भागिले २२, म्हणजे जवळपास १.२ तास, म्हणजे ७१ मिनिटं. मी हा हिशोब वहीत मांडला तेव्हा अंगावर काटा आला अक्षरशः, तीन महिने ज्याला सगळे "कधीपण होतं" म्हणत होते ते मिनिटापर्यंत जुळत होतं.

मग प्रश्न, ४० टक्क्यांवरच का, शून्यावर का नाही. जुन्या झालेल्या सेलचा आतला रोध वाढतो, आणि चार्ज जसा खाली येतो तसा तो जास्तच जाणवतो. ग्राफिक्स कार्ड काही एकसारखा करंट घेत नाही, मिलिसेकंदात मोठे झटके मारतं. सरासरी २२ वॉट असले तरी झटका त्याच्या कितीतरी पट, आणि ॲडॅप्टर आधीच टेकीला आलेला म्हणून तो सगळा झटका बॅटरीवर. दमलेल्या सेलचं व्होल्टेज त्या क्षणी एवढं खाली बसतं की संरक्षणाचं सर्किट सरळ तोडून टाकतं. दर दोन सेकंदांनी लिहिणाऱ्या लॉगमध्ये तो क्षण कधीच दिसत नाही, म्हणून शेवटच्या ओळीत सगळं अगदी छान दिसतं. शेतकऱ्याने सकाळी हिरवंगार दिसणारं शेत बघावं आणि दुपारी गारा पडाव्यात, तसं.

"पण दादा, नुसत्या बॅटरीवर तर २० टक्क्यांपर्यंत चालतो." हा त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि दुकानवाल्यानेही बॅटरी चांगली म्हणून याच कारणाने सोडून दिलेली. नुसत्या बॅटरीवर चालवलं की लॅपटॉप स्वतःच ग्राफिक्स कार्डाचे हातपाय बांधतो, वॉट खूप कमी करतो, त्यामुळे तो झटका येतच नाही. प्लग लावला की मशीनला वाटतं २३० वॉट आलेत, आणि ते पूर्ण जोर लावतं.

आता तिसरा बदल, जो त्याने सांगितला नव्हता. मी विचारलं, मग फेब्रुवारीपासूनच एवढं का वाढलं, ॲडॅप्टर तर नोव्हेंबरचा आहे? खूप खोदून विचारल्यावर आठवलं, बॅटरी टिकावी म्हणून फेब्रुवारीत कंपनीच्या ॲपमध्ये ६० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग चालू केली होती. चांगली सेटिंग आहे, प्लगवरच राहणाऱ्या मशीनसाठी मी स्वतः सांगतो. पण इथे त्यामुळे सुरुवातच ६० पासून, आणि ६० ते ४० म्हणजे जेमतेम ९ वॉट-अवर, २४ मिनिटांत खेळ खल्लास. आणि फॉरमॅट झाल्यावर दोन आठवडे "नीट चालला" त्याचं पण उत्तर यातच, कंपनीचं ॲप तेव्हा टाकलेलंच नव्हतं, बॅटरी १०० पर्यंत भरत होती आणि सबमिशनच्या दिवसांत हा तासाच्या आत गेम बंद करून उठत होता. एप्रिलच्या शेवटी ॲप टाकलं, सेटिंग लावली, आणि लॉगमधल्या त्या सहाच्या सहा शून्य कोडच्या नोंदी २६ एप्रिलनंतरच्या आहेत. माझ्याकडे तो लॅपटॉप आला तेव्हा मात्र सेटिंग बंद होती, कारण घरी येताना रेल्वेत सिनेमा बघायला म्हणून त्याने पूर्ण चार्ज केला आणि परत लावायची राहिली.

म्हणजे फॉरमॅटने बरं वाटलं, पण औषध ते नव्हतंच.

हिशोब जुळला तरी तो अजून कागदावरच होता, ॲडॅप्टर खोटा आहे हे हातात धरून दाखवायचं होतं. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा वॉट मीटर माझ्याकडे आहे, इन्व्हर्टर घेताना घेतलेला. आणि गावातल्या एका ओळखीच्या मुलाकडे हाच लॅपटॉप आहे, त्याचा ओरिजिनल ॲडॅप्टर तीन दिवसांसाठी मागून आणला. प्रोसेसरची टेस्ट आणि ग्राफिक्सची टेस्ट वेगवेगळी लावली तर डुप्लिकेटवर काहीच होत नाही, आणि दुकानात बहुधा अशीच एकेक टेस्ट लावून बघितली जाते. दोन्ही एकदम लावल्या, बॅटरी मुद्दाम ६० वर आणून. डुप्लिकेटवर भिंतीवरून १७० वॉट, त्याच्या वर मीटर जाईचना, आणि त्याच वेळी बॅटरीतून ३८ वॉट बाहेर. चौदाव्या मिनिटाला बंद. ओरिजिनलवर तोच लोड, भिंतीवरून २१२ वॉट, बॅटरीतून शून्य, दीड तास चालू ठेवलं, काही नाही. ॲडॅप्टरमध्ये थोडे वॉट उष्णता होऊन जातात ते धरलं तर दोन्हीकडे मशीनला लागणारी वीज जवळपास सारखीच, १९० च्या आसपास, फक्त एका ठिकाणी ती सगळी भिंतीतून येतेय आणि दुसऱ्या ठिकाणी पाचवा हिस्सा बिचारी बॅटरी ओढतेय.

दोन्ही ॲडॅप्टर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर पण ठेवून बघितले, डुप्लिकेट जवळपास पावणेतीनशे ग्रॅम हलका भरला. वजन हा काही पक्का पुरावा नाही, नवे ॲडॅप्टर छोटे-हलके पण असतात, पण त्याच आकाराच्या डब्यात एवढं कमी सामान असेल तर लेबलवर काही का लिहिलेलं असेना, शंका घ्यावी.

मधल्या काळात ज्या गोष्टी करून झाल्या आणि ज्यांचा काही संबंध निघाला नाही त्या पटकन सांगतो: एसएफसी आणि डिझम (विंडोजच्या फाईली तपासणाऱ्या कमांड) दोन्ही स्वच्छ, ग्राफिक्स ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या सॉफ्टवेअरने पूर्ण काढून नव्याने टाकला, काही फरक नाही, बायोस आधीच नवीन होतं. एक मात्र लक्षात ठेवा, विंडोज ११ मध्ये बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, बायोसमध्ये काहीही बदलायच्या आधी रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा क्रमांक) मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे का हे बघून ती कागदावर लिहून घ्या, नाहीतर एका साध्या अपडेटपायी सगळा डेटा कुलपात जाईल. आणि सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीत "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" ची खूण काढून टाका, म्हणजे निळी स्क्रीन समोर थांबून राहते, आणि घरातलं कोणीही सांगू शकतं की निळी होती की काळी. मी हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर त्याच्या तोंडी माहितीवर एवढं अवलंबून राहावं लागलं नसतं.

खर्चाचा विषय निघाला तेव्हा मामा जरा गप्प झाले. ओरिजिनल ॲडॅप्टर आणि ओरिजिनल बॅटरी मिळून तेरा हजारांच्या आसपास. "फॉरमॅट तर पाचशेत होतो रे." मी म्हटलं मामा, दोनदा झालाच की. नुसता ॲडॅप्टर बदलला तरी बंद पडणं थांबेल हे मी प्रामाणिकपणे सांगितलं, कारण ओरिजिनलवर बॅटरीतून काही जातच नव्हतं. पण झाकण उघडलेलं असताना बॅटरीवर बोट फिरवून बघितलं होतं, एका सेलवर अगदी हलकी उंची जाणवत होती, टचपॅडचं क्लिक पण एका बाजूला घट्ट झालेलं. फुगायला लागलेली लिथियमची बॅटरी मुलाच्या मांडीवर ठेवायची नाही, इथे पैशाचा विचार करायचा नाही. मामी आतून म्हणाल्या, दोन्ही घ्या. विषय संपला.

पार्ट यायला बारा दिवस लागले. तोपर्यंत फुगू लागलेली बॅटरी काढूनच ठेवली, टाईल्सवर, उन्हापासून लांब. बॅटरीशिवाय हे मशीन ॲडॅप्टरवर चालतं पण आपोआप खूप कमी वेगाने, कोर्सच्या व्हिडिओला तेवढं पुरलं. ज्यांची बॅटरी फुगलेली नाही, फक्त दमलेली आहे, त्यांनी पार्ट येईपर्यंत गेमला ६० फ्रेमची मर्यादा घालावी आणि परफॉर्मन्स मोडऐवजी बॅलन्स्ड ठेवावा. मी बॅटरी काढायच्या आधी एक संध्याकाळ हे करून बघितलं होतं, भिंतीवरची ओढ १२० वॉटच्या खाली आली आणि टक्केवारी १०० वरून हललीच नाही, त्याच डुप्लिकेट ॲडॅप्टरवर.

रॅमची स्टिक वॉरंटीत होती, बिल मामेभावाच्या मेलमध्ये सापडलं, मेमटेस्टच्या लाल ओळींचे फोटो पाठवल्यावर फार वाद न घालता बदलून मिळाली. नवी स्टिक टाकल्यावर परत चार फेऱ्या, दोन्ही स्टिक सोबत लावून, कारण एकटी चांगली चालणारी जोडी कधी कधी एकत्र भांडते. स्वच्छ.

१२ जूनला सगळं लागलं. त्या रात्री दोघं बसलो, फोर्झा, वॉट मीटर समोर, वही उघडी. सत्तरावं मिनिट जवळ आलं तसा तो खेळायचा सोडून बॅटरीच्या आकड्याकडेच बघत होता, गाडी भिंतीला जाऊन धडकली तरी लक्ष नाही. १००. ७५ मिनिटं, १००. दोन तास, १००. मग मी उठून झोपायला गेलो, तो तीनपर्यंत खेळत होता म्हणे.

पुण्याला जाताना वही घेऊन गेला. ६० टक्क्यांची सेटिंग मीच परत लावून दिली, आता ती लावायला काही हरकत नाही. ऑगस्टमध्ये फोनवर सांगत होता की लॉगमध्ये १२ जूननंतर ४१ ची एकच नोंद आहे आणि ती त्याच्या रूममेटने बटण दाबून धरलं तेव्हाची. बॅटरी ई-कचरा घेणाऱ्यांकडे वेगळ्या डब्यात, कनेक्टरवर टेप लावून दिली. डुप्लिकेट ॲडॅप्टरची वायर मात्र मी आधी कात्रीने कापली आणि मगच दिला, नाहीतर कोणीतरी उचलून पुसून परत विकला असता.